दिवस चौथा: काही नाही

पाच दिवसांची ट्रिप ठरली की आमच्याकडे भांडणही ठरलेलंच. नवरा म्हणतो सगळे दिवस शहरातच राहू, मी म्हणते दोन दिवस तरी समुद्र पाहिजे. आवडतं दोघांनाही दोन्ही, तरी वाद होतोच.

त्याचं गणित असं की शहरातलं हॉटेल सकाळी 11 ला सोडायचं, पुढची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, मधला वेळ प्रवासात आणि बॅगा राखण्यात, झाला अर्धा दिवस खलास, आणि परतीचं विमान शहरातूनच असतं म्हणून शेवटच्या रात्री पुन्हा तिथे, पुन्हा अर्धा दिवस. पाचातला एक दिवस नुसता बॅगा ओढण्यात. हे खरंय, मी नाकारत नाही (त्याच्यासमोर नाकारते).

पण शहरात काय होतं ते तो सांगत नाही ना. पहिल्या दिवशी आपण प्रत्येक चित्रासमोर थांबतो, तिसऱ्या दिवशी म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या आधी बाकडं शोधतो. त्यात बरीच म्युझियमं सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, मग उरलेल्या दिवसांत सगळं कोंबायचं. आणि "इथपर्यंत आलोच आहोत तर" सुरू झालं की समजावं, बघणं संपलं, आता फक्त टिकमार्क चाललेत.

"मग समुद्रवालंच शहर घेऊ की," ही त्याची तडजोड. बार्सिलोना, जिथे 1992 च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने जुने कारखाने हटवून किनारा मोकळा केला आणि आता मेट्रोने बीचवर जाता येतं. नाहीतर लिस्बन, तिथून कश्काइश हे अटलांटिककाठचं गाव ट्रेनने साधारण 40 मिनिटं. कागदावर एकदम बेस्ट. पण मला त्याचीच धास्ती, कारण असा समुद्र लगेच यादीत जाऊन बसतो, दुपारी 2 ते 4 समुद्र, 5 वाजता किल्ला. अटलांटिकच्या काठावर भरती आणि ओहोटीत साधारण 6 तासांचं अंतर, त्यात भरती रोज 50 एक मिनिटं उशिरा येणार. आपण पोचलो आणि पाणी लांब गेलेलं असलं तर? ते परत येताना बघायला थांबायचं कोणी, किल्ला बंद होतोय ना. शिवाय बुटात वाळू घेऊन किल्ला चढायचा, तो वेगळाच.

यावेळी मात्र एक गोष्ट जमली. विमान रात्रीचं मिळालं, म्हणजे समुद्रावरून थेट एअरपोर्ट, शेवटचा मुक्काम वाचला. नवरा खूश. मग जरा वेळाने म्हणाला, "पण तिथे दोन दिवस करायचं काय?"

मी म्हटलं, "काही नाही."

काल त्याची एक्सेल शीट बघितली. दिवस चौथा, सकाळी 9 ते संध्याकाळी 6: काही नाही. पुढे कंसात, जेवणाची सुट्टी 1 ते 2.