साडेनऊ

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि प्रयोगशाळा, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं सगळं बाजूला राहून बाईच आठवल्या. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

सहावी 'ब'. दहा ओळींचं श्रुतलेखन. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, तरी वहीवर साडेनऊ! रडवेला होऊन मी टेबलापाशी गेलो. बाईंनी लाल पेन्सिलीचं टोक शेवटच्या शब्दापुढच्या कोऱ्या जागेवर टेकवलं. पूर्णविराम राहिला होता.

"निर्दोष आहे रे, पण पूर्ण नाही."

मग उरलेला तास त्यातच गेला. अचूक, बिनचूक, निर्दोष हे शब्द काय नाही तेवढंच सांगतात, असं त्या म्हणाल्या. चोख म्हणजे भेसळ नसलेलं. म्हणून सोनंही चोख आणि हिशेबही. पक्व म्हणजे पिकलेलं, त्याला वेळच द्यावा लागतो. आणि पूर्ण? 'मी जेवलो आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ. आमटी खारट असली तरी काळ पूर्णच! शेजारच्या वर्गात गणिताचे सर २८ ही परिपूर्ण संख्या शिकवत होते. १, २, ४, ७, १४ हे तिचे विभाजक मिळवले की पुन्हा २८. भिंतीपलीकडून ते ऐकून बाई खूश. "काही उरत नाही, काही कमी पडत नाही. तिथे 'परि' शोभतो."

आज पंचवीस वर्षं मी मुद्रितशोधन करतोय. चार-पाचशे पुस्तकं हातावेगळी केली, प्रकाशक नावानिशी बोलावतात, ते बाईंमुळेच. हल्ली मात्र चहापासून चपलेपर्यंत सगळंच 'परफेक्ट'. त्या शब्दाचं लॅटिन मूळही 'तडीस नेलेलं' असंच आहे, हे बाईंना सांगायचं राहून गेलं. श्रुतलेखन आता होत नाही म्हणे. निमंत्रणपत्रातच चार चुका सापडल्या. राग मानू नये, खुणा करून परत पाठवतो आहे.

ती वही अजून कपाटात आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी निळ्या शाईने पूर्णविराम घातला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला लाल गोल केला, खाली 'पाहिले' लिहून सही केली. गुण साडेनऊच.