ऑलिंपसवाल्यांनो, कॅमेरा विकायची घाई करू नका

“काहो सर, ऑलिंपस बुडाली म्हणतेत. मंग हा कॅमेरा ठेवू का इकून टाकू?” ताडोबाच्या मोहर्ली गेटवरच्या गाइडपासून नवेगावबांधला पक्षी पाहायला जाणाऱ्या मास्तरांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑलिंपस बुडालेली नाही. तिने कॅमेऱ्याचा धंदा सोडला. 1919 साली मायक्रोस्कोप बनवण्यासाठी सुरू झालेली ही कंपनी आज दवाखान्यातल्या एंडोस्कोपीच्या यंत्रांवर चालते. कॅमेरा विभाग सलग 3 वर्षं तोट्यात होता. जून 2020 मध्ये तो जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला देण्याचं जाहीर झालं आणि 1 जानेवारी 2021 पासून तो ओएम डिजिटल सोल्युशन्स या नावाने वेगळा चालू लागला. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रँडचं नाव ‘ओएम सिस्टम’ झालं. 2022 च्या ओएम-1 या कॅमेऱ्यावर जुना ऑलिंपस शिक्का होता, 2024 च्या मार्क टू वर तो गेला. दुकानात नाव दिसेनासं झालं आणि लोकांना वाटलं कंपनीच संपली.

चिंता मात्र खोटी नाही. 2010 साली जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 मध्ये हा आकडा 80 लाखांच्या आत आला. बाकीचे मोबाईलने खाल्ले. एवढ्याशा बाजारात कॅनन, सोनी, निकॉन बसल्यावर लहान कंपनीला जागा किती उरणार? ओएम-1, त्याचा मार्क टू आणि 2025 चा ओएम-3 हे तिन्ही 20 मेगापिक्सेलच्या स्टॅक्ड सेन्सरवरच, म्हणजे फोटो टिपणाऱ्या वेगवान चिपवरच, चालतात. नवा सेन्सर करून घ्यायला लागणारा पैसा कंपनी जपून वापरते आहे, असाच त्याचा अर्थ मी लावतो. वापरणाऱ्याचा यात थोडा फायदाही आहे. ओएम-1, मार्क टू आणि ओएम-3 या तिघांनाही बीएलएक्स-1 हीच बॅटरी लागते. एकच बॅटरी जितक्या मॉडेलांत चालते, तितकी ती बाजारात जास्त काळ टिकते.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना 2016 मध्ये बंद करायचं ठरलं, तरी जुने एचएमटी शेतात चालताना दिसतात, कारण त्यांचे पार्ट मिळतात आणि हात लावणारा मिस्त्री आहे. घड्याळंही त्याच वर्षी गेली. पण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या धानाला त्या घड्याळाचं जे नाव पडलं, ते तांदळाच्या कट्ट्यावर अजून आहे. म्हणून कंपनी राहील का हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की तुमच्या कॅमेऱ्यातली कोणती वस्तू आधी मरणार आणि ती कुठे मिळणार?

लेन्सची काळजी सगळ्यात कमी. लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला बसते तो सांधा, म्हणजे माउंट, एकट्या ऑलिंपसचा नाही. मायक्रो फोर थर्ड्स नावाचा हा माउंट 2008 मध्ये ऑलिंपस आणि पॅनासोनिकने मिळून आणला आणि पॅनासोनिक अजून त्यात बॉडी काढते. जी9 मार्क टू 2023 चा आहे. उद्या ओएमने शटर ओढलं, तरी तुमची 300 एमएमची लेन्स पॅनासोनिकवर लागेल, फोकस करेल, फोटो काढेल. तोटा होईल तो एवढाच की लेन्स आणि बॉडी दोघींचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा झेलणारी सोय) मिळून काम करणार नाही, एकीचंच चालेल. उलट बाजूने, ओएम-1 चा फोकससह सेकंदाला 50 फ्रेमचा वेग ओएमच्या ठराविक लेन्सवरच मिळतो. माउंट खरंच मेल्यावर काय होतं, तेही ऑलिंपसवाल्यांनी पाहिलं आहे. 2003 चा जुना फोर थर्ड्स माउंट 2010 च्या ई-5 नंतर पुढे गेला नाही. त्या लेन्स आज अडॅप्टर लावून चालतात, पण बहुतेक बॉडींवर फोकस रेंगाळतो.

आधी धोक्यात येतं ते फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि याकडे कोणाचंच लक्ष नाही. बऱ्याच कंपन्यांत फाइल कार्डवर टाकून अपडेट होतं. इथे बहुतेक मॉडेलांना कॉम्प्युटरवर ओएम वर्कस्पेस हे सॉफ्टवेअर टाकून, केबल जोडून, कंपनीच्या सर्व्हरवरून अपडेट घ्यावं लागतं. सर्व्हर बंद पडला की हा रस्ताच बंद. म्हणून हे काम याच आठवड्यात उरका. बॅटरी पूर्ण चार्ज करा, तुमच्याकडची लेन्स बॉडीला लावा, कारण लेन्सचं अपडेटही असंच होतं. वर्कस्पेसमधून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जचा बॅकअप आधी घ्या, नाहीतर अपडेटनंतर सगळी बटणं पुन्हा बसवत बसाल. केबल जोडल्यावर कॅमेऱ्याने विचारलं तर स्टोरेज निवडा. स्क्रीनवर ओके येईपर्यंत केबल काढू नका. लाइटचा भरवसा नसेल तर बॅटरी भरलेला लॅपटॉपच वापरा. मध्येच वीज गेली तर बॉडी उठत नाही आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. एकापेक्षा जास्त लेन्स असतील तर प्रत्येक लेन्स लावून पुन्हा तपासा.

मग बॅटरी. ऑलिंपसच्या ई-एम1 मार्क टू आणि थ्री ला बीएलएच-1 लागते, ई-एम5 मार्क थ्री आणि ओएम-5 ला बीएलएस-50. कंपनीच्या दोन बॅटऱ्या आत्ताच घेऊन ठेवा. डुप्लिकेट चालतात, पण काही उरलेला चार्ज चुकीचा दाखवतात आणि वाघ रस्त्यावर आला की 40 टक्क्यांवरून थेट बंद. सुटी बॅटरी निम्म्या चार्जवर थंड जागी ठेवा, 3 ते 4 महिन्यांनी पाहून थोडी भरा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की फुगते नाहीतर मरते. ई-एम1 मार्क टू वाल्यांनी चार्जर जिवापाड जपावा. त्या बॉडीला यूएसबी-सी आहे, पण त्यातून ती चार्ज होत नाही.

आता ऊन. ओएम-1 ला कंपनीने 40 अंशांपर्यंतच चालवायला सांगितलं आहे आणि चंद्रपूरचा मे महिना 45 च्या वर जातो. जिप्सीत काळी बॉडी उन्हात मांडीवर ठेवली तर आतलं तापमान आणखी चढतं. पांढरा ओला करून घट्ट पिळलेला दुपट्टा बॅगेवर टाका, कॅमेऱ्यावर नको. दोन सफारींच्या मधल्या वेळात बॅटरी काढून ठेवा. ग्रिपचं रबर उन्हाने सुटलं तर फेव्हिक्विक लावू नका. त्याची वाफ आत जाऊन काचेवर पांढरा थर धरते. दुतर्फी टेप पुरते.

पावसाळा उन्हाळ्यापेक्षा वाईट. ताडोबाचा कोर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, कॅमेरा कपाटात जातो आणि नेमकी तेव्हाच लेन्समध्ये बुरशी धरते. गोदरेजच्या कपाटात, कपड्यांच्या शेजारी तर नक्कीच. झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा हवाबंद डबा घ्या, आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा आणि काटा 40 ते 50 टक्क्यांवर धरा. नारिंगी दाण्यांची सिलिका जेल रंग बदलली की मंद आचेवर पुन्हा वाळवता येते, फक्त त्यासाठीचं भांडं स्वयंपाकात वापरू नका. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तांदळाचा भुसा चाकांत आणि फटींत शिरतो. आणि पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम आणि फोकस रिंग फिरवा.

ऑलिंपस बुडाली या अफवेने जुना माल स्वस्त निघतो आहे, त्यामुळे घेणाऱ्याचं फावतं आहे. घेताना हे पाहा. लपलेल्या मेनूत आर अक्षरापुढचा आकडा शटर काउंटचा, म्हणजे शटर किती वेळा पडलं त्याचा, असतो. ई-एम1 मार्क टू चं शटर 2 लाखांसाठी आणि मार्क थ्री, ओएम-1 चं 4 लाखांसाठी तपासलेलं आहे. चालू कॅमेऱ्यातून येणारा हलका सूं आवाज बिघाड नाही, ते स्टॅबिलायझर आहे. बंद बॉडी हलवल्यावर आत काही सैल वाजलं तरी घाबरू नका. चालू असताना मात्र चित्र झटके मारू लागलं तर व्यवहार तिथेच थांबवा. भिंतीवर वर्तमानपत्र लावा, हातात धरून 1/30 सेकंदाच्या शटरवर दहा फोटो काढा. सात-आठ तरी स्पष्ट यायला हवेत. ई-एम5 मार्क थ्री असेल तर ट्रायपॉडच्या स्क्रूभोवतीचा तळ नखाने चाचपा, तिथलं प्लास्टिक तडकल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. लेन्स मागून टॉर्च मारून पाहा. जाळीसारखे धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, नको.

एक गोष्ट खास 300 एमएम आणि 40-150 एफ 2.8 प्रो साठी. या लेन्सची फोकस रिंग मागे ओढली की ऑटोफोकस बंद होतो. ज्याला हे माहीत नाही तो ‘फोकस मोटर गेली’ म्हणून लेन्स मातीमोल विकतो. रिंग पुढे ढकला आणि मग बोला.

लग्नाच्या कामासाठी हा कॅमेरा मी कोणालाच सुचवत नाही. सेन्सर फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या 35 एमएम सेन्सरच्या, चौथ्या हिश्शाएवढा, त्यामुळे मंडपातल्या अंधारात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा, फरक पडतो. त्याहून मोठं कारण आपल्या पंचक्रोशीतलं आहे. वरात दारात आली आणि बॅटरी गेली, लेन्स पडली, तर शेजारच्या गावातल्या स्टुडिओतून उसनी मिळते ती कॅनन, निकॉन नाहीतर सोनीची. तुमच्या माउंटची कोणाकडेच नसते.

गोंदियाच्या तलावांवर सारस पाहणाऱ्याचं गणित वेगळं. सारसाच्या जवळ जायचंच नसतं आणि तिथे 300 एमएमची लेन्स 600 चं काम करते. बॉडीसकट वजन 2 किलोच्या आसपास भरतं, तर फुल फ्रेमची 600 एफ 4 लेन्सच एकटी 3 किलोची. धुऱ्यावरून पायी फिरणाऱ्याने नवी बॉडी घेताना तेवढं एक करावं: दुरुस्ती कोण करून देणार, बॉडी कुठे पाठवायची आणि कुरियरचा खर्च कोणाचा, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. तो लिहून द्यायला तयार नसेल तर नवी बॉडी राहू द्या, त्या पैशात जुनी ई-एम1 मार्क थ्री आणि चांगली लेन्स घ्या.