बर्लिनची शांत बरोबरी: काळ्या मोहऱ्यांचा अभ्यास कुठवर आला

बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याकडून ई५ खेळणाऱ्या कोल्हापुरातल्या मंडळींसाठी ही नोंद. काळ्याकडून बर्लिन डिफेन्स (ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ घोडा एफ६) पक्का करायचा आणि आपल्यापेक्षा वरच्या रेटिंगच्या खेळाडूला अर्धा गुण तरी हमखास द्यायला लावायचा, हे ठरवलं होतं. ते आता पटावर दिसायला लागलंय.

सुरुवात २००० च्या लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीपासून केली. कास्पारोव्ह पांढऱ्याने ई४ खेळला की क्रॅमनिक बहुतेक वेळा बर्लिनमध्ये शिरायचा. पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा डाव बर्लिनचे, चारही बरोबरीत. तेरावा तर १४ चालींत संपला. कास्पारोव्हला त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही आणि क्रॅमनिकने साडेआठ-साडेसहा अशी लढत मारली. पुस्तकात फक्त निकाल वाचला तर हे डाव कोरडे वाटतात. पटावर मोहरी मांडून, पांढऱ्याला नेमकं काय करायचं होतं आणि ते का जमलं नाही, हे शोधत बसलं की संध्याकाळ कशी जाते कळत नाही. आठव्या चालीला वजीर गेलेले, काळ्याचा राजा डी८ वर उघड्यावर, सी-फाईलवर (उभ्या पट्टीवर) एकापुढे एक अशी जोडप्यादी, तरी आत शिरायला वाट नाही!

एक लाईन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, सगळ्यांनी एकदा तरी लावून बघावी. चौथ्या चालीला पांढऱ्याने किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) केला आणि काळ्या घोड्याने ई४ चं प्यादं मारलं, इथून पुढे. पाचव्या चालीला डी४, घोडा डी६, मग डी गुणिले ई५, घोड्याने बी५ वरचा उंट मारायचा, ए४. घोडा बी५ वरून डी४ वर, पांढऱ्या घोड्याने तो मारला की काळा डी५ खेळतो. पांढरा ते प्यादं जाता जाता (एन पासाँ) डी६ वर मारतो, काळा घोडा डी४ वरचा घोडा मारतो, पांढरा वजीर तो घोडा मारतो आणि काळा वजीर डी६ वर येतो. आता पांढरा वजीर ई४ वरून शह देतो, काळा वजीर ई६ वर आडवा येतो, पांढरा पुन्हा डी४, काळा पुन्हा डी६. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी. ग्रँडमास्टरांच्या स्पर्धांत ही लाईन इतक्यांदा आलीय की पुष्कळ जण तिच्यावर वैतागतात. दोघांनाही अर्धा गुण हवा असेल तेव्हा तिचा उपयोग, एवढंच. समोरच्याला जिंकायचं असेल तर तो सहाव्या चालीलाच उंटाने सी६ वर मारेल. तिच्या भरवशावर राहणं मला पटत नाही.

माझा खरा वेळ गेला त्याच स्थितीत पांढरा डी४ ऐवजी पाचव्या चालीला हत्ती ई१ खेळतो त्यावर. घोडा डी६, घोड्याने ई५ मारलं, उंट ई७, उंट एफ१, घोड्यांची अदलाबदल, हत्ती ई५ वर, किल्लेकोट. पुढे डी४, उंट एफ६, हत्ती परत ई१, हत्ती ई८, सी३, हत्ती गेले, पांढरा वजीर ई१ वर. इथे काळा घोडा डी६ वरून ई८ वर मागे जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चाल भित्री वाटते. पण डी६ वरचा घोडा आपल्याच डी-प्याद्याची वाट अडवून बसलेला असतो. तो हलला की डी५ होतं आणि सी८ च्या उंटाला रस्ता मिळतो.

ही स्थिती मी राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांबरोबर दोन्ही बाजूंनी खेळून काढली. सर मूळचे सांगलीचे, म्हणजे बुद्धिबळाच्या गावचे. पटावर दोन्हीकडे सात-सात प्यादी, ई-फाईल मोकळी, सगळं आरशात बघितल्यासारखं. सर म्हणाले, "दिसायला सारखंच आहे रे, पण तुझा उंट अजून घरात बसलाय. त्याचं लग्न लावून दे आधी."

काळ्याची सगळी योजना त्या एका वाक्यात आली. जी६, घोडा जी७, सी६, मग उंट एफ५ वर आणि पांढऱ्याच्या डी३ च्या चांगल्या उंटाशी अदलाबदल. घोडा जी७ वर असेपर्यंत ई८ सांभाळतो आणि एफ५ ला जोर देतो. पांढरा ई-फाईलवर वजीर आणि हत्ती एकामागे एक लावतो तेव्हा घाबरायचं नाही. ई७ आणि ई८ ही दोन घरं झाकलेली आहेत का, एवढंच दर चालीला बघायचं. झाकलेली असतील तर त्या फाईलवर पांढऱ्याला काही मिळत नाही.

शहरातल्या एका क्लासिकल (लांब वेळेच्या) स्पर्धेत हीच स्थिती आली. प्रतिस्पर्धी माझ्याहून बऱ्याच वरच्या रेटिंगचा. सतराव्या चालीला मी उंट एफ५ वर ठेवला, त्याने मारला, मी घोड्याने घेतलं. इथून पुढे माझी पाठ केलेली लाईन संपली आणि सरांबरोबर खेळलेलं कामी आलं. त्याने घोडा एफ३ वर आणला, मी वजीर डी७. घोडा ई५ वर आला, मी एफ६ च्या उंटाने मारला, त्याने उंटाने घेतलं. मी हत्ती ई८, त्याने वजीर डी२ वर हटवला, मी एफ६. उंट मागे एफ४ वर गेला, हत्ती गेले आणि माझा राजा एफ७ वर येऊन बसला. वजीर-उंट विरुद्ध वजीर-घोडा, आणि दोघांनाही आत शिरायला घर नाही. त्याने आणखी एक चाल केली, बरोबरी विचारली, मग घड्याळ दाबलं. मी हात पुढे केला. स्कोअरशीटवर त्या चालीपुढे कंसात (=) अशी खूण करायची असते, ती दोघांनी केली.

घरी मामांनी विचारलं, "निकाली झाली का?" खासबागेत कुस्त्या बघत वाढलेला माणूस, त्यांना बरोबरीत सुटलेलं काही रुचत नाही. मी त्यांना पट मांडून ई७ आणि ई८ दाखवली. थोडा वेळ बघून म्हणाले, "म्हणजे दोघांनी एकमेकाला पकड मिळू दिली नाही." अगदी तेच.

लहान चालींच्या बरोबरीला नावं ठेवणारे पुष्कळ. २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, तेव्हाही खूप बोललं गेलं. खेळायचं टाळून, काही न लढता हात मिळवणं मलाही आवडत नाही. पण समोरच्याच्या प्रत्येक कल्पनेला आधीच उत्तर शोधून ठेवलेलं असतं, त्या बरोबरीत मला भरपूर खेळ दिसतो. क्रॅमनिकचे ते डाव लावून बघा, तुम्हालाही दिसेल.

आता राहिलं चौथ्या चालीचं डी३. आपल्याकडे ई४ खेळणारे बहुतेक जण बर्लिन दिसला की तेच खेळतात. तिथे वजीर पटावर राहतात आणि डाव लांबतो. मी उत्तराला उंट सी५ घेतोय आणि सध्या पांढऱ्याने सी६ वर मारल्यावर डी-प्याद्याने घ्यायच्या स्थिती बघतोय. कोणी या लाईनमध्ये काळ्याकडून खेळत असेल, तर रविवारी संध्याकाळी पट घेऊन या.