३०० मेगाहर्ट्‌झचा उशीर

खोडद, जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, नोव्हेंबर. मध्यरात्र उलटून गेली.

फेजिंग झालं, म्हणजे सगळ्या अँटेनांचे संकेत एका तालात जुळले, की मी आधी बी०३२९+५४ लावते. पल्सार म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. हा पल्सार इतका ठसठशीत आहे की एकेक स्पंद स्क्रीनवर सुटा दिसतो. ०.७१४ सेकंदाला एक फेरी. ५०० मेगाहर्ट्‌झची लहर आधी पोचते, ३०० ची मागून, कारण वाटेतले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेला जास्त अडवतात. या दोन टोकांत जवळजवळ ०.८ सेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे ताऱ्याच्या अख्ख्या फेरीहून जास्त! खाली एक स्पंद येईपर्यंत वर पुढचा येऊन गेलेलाही असतो. कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही.

हा उशीर गणितानं काढून टाकता येतो. पण त्याच्यासाठीच मला जीएमआरटी प्रिय आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, शोधायच्या तर मिलिसेकंद पल्सारचे, म्हणजे काही मिलिसेकंदांत फेरी पुरी करणाऱ्यांचे, स्पंद केव्हा पोचले हे मायक्रोसेकंदाच्याही आत कळावं लागतं, आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या जराशी बदलली तरी तो हिशेब चुकतो. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून तो मोजायचा तर खालच्या पट्ट्यातच. जून २०२३ मध्ये नॅनोहर्ट्‌झ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला गेला, तेव्हा युरोपच्या निरीक्षणांना पल्सारांच्या वेळा नोंदणाऱ्या आमच्या इनपीटीए गटाच्या, म्हणजे खोडदच्या नोंदींची जोड होती. त्याचा मला फार अभिमान आहे.

ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी बारीक पोलादी तारांची जाळी ताणून ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या करवल्या. तशा ३०. मीटरभर लांबीच्या लहरींना ही जाळी सलग आरसाच वाटते, वारा मात्र आरपार जातो. खर्च आवाक्यात आला तो त्यामुळेच. लांब लहरींचा हट्ट धरला नसता, तर हे घडलं नसतं.

आता जे०४३७-४७१५ हा मिलिसेकंद पल्सार. ५.७६ मिलिसेकंदाला एक फेरी. दक्षिणेचा तारा, इथून फार तर २४ अंश वर चढतो, तेव्हा वेळ थोडाच मिळतो. काही अँटेना ३००-५०० वर, बाकीच्या १४०० च्या आसपास. दोन्ही पट्टे एकाच वेळी घ्यायचे, कारण आज मोजलेले इलेक्ट्रॉन उद्याच्या स्पंदाला लागू पडतीलच असं नाही. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हललंय, त्याआधी पुन्हा फेजिंग करून घेते.