आमची वाटचाल : उजेड वेळेवर तोडण्याचा धंदा

बाबांचं फोर्टात, बोरा बाजारच्या गल्लीत फ्लॅश दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. लग्नाचे फोटोग्राफर सीझन संपला की बंद पडलेले फ्लॅश आणून टाकत. कपॅसिटर बदल, ट्यूब बदल, सिंक केबल जोड, कामं ठरलेली. लक्षद्वीपला डायव्हिंग करणारं एक गिऱ्हाईक निकोनॉस-5 हा पाण्याखालचा कॅमेरा आणि त्याचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, घेऊन आलं आणि आमचा धंदा पाण्यात शिरला.

1984 साली आलेल्या त्या कॅमेऱ्यात टीटीएल होतं, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप तोडायची सोय. शटर उघडं असताना फिल्मवरून परावर्तित झालेला उजेड आतला सेन्सर मोजायचा आणि पुरेसा झाला की केबलमधून स्ट्रोबला ‘बस’ म्हणायचा. आमच्याकडे बिघाड यायचा तो बहुतेक पाच पिनांच्या सॉकेटचा. खारं पाणी लागलं की पिनांवर हिरवा थर चढतो. दात घासायच्या ब्रशने तो काढत बसणं हे कॉलेजात असताना माझं काम.

डिजिटल कॅमेरे आले आणि ही पद्धत मोडली. डिजिटल सेन्सरची चकाकी फिल्मसारखी नसते, त्यावरून मोजून भागत नाही. मग शटर उघडण्याआधीच एक बारीक प्री-फ्लॅश मारून हिशेब करायचा, हाच मार्ग उरला. निकॉनचं आय-टीटीएल, म्हणजे याच पद्धतीचं टीटीएल, 2003 चं. कॅमेरा आता फ्लॅशशी डिजिटल भाषेत बोलू लागला, पण पाण्याखालच्या स्ट्रोबना कळायचं एवढंच : पेट आणि थांब.

आम्ही बनवतो तो बोर्ड, म्हणजे एक छोटं सर्किट, या दोघांतला दुभाष्या. हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणबंद डब्यात, हॉटशूला (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेला) लागतो, ‘मी तुमच्याच कंपनीचा फ्लॅश’ अशी कॅमेऱ्याची बिनदिक्कत समजूत घालतो आणि कॅमेऱ्याकडून फ्लॅशच्या जोराचा जो आकडा येतो त्याचे, स्ट्रोब किती वेळ पेटवायचा ते सांगणारे, मायक्रोसेकंद करतो.

खरी मेहनत इथेच आहे. झेनॉन ट्यूबचा उजेड झपकन चढतो आणि सावकाश उतरतो, त्यामुळे वेळ दुप्पट म्हणजे उजेड दुप्पट असं होत नाही. प्रत्येक स्ट्रोब मॉडेलचं कोष्टक वेगळं. स्ट्रोबसमोर उजेड टिपणारा फोटोडायोड, मागे त्याचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, गाळ्यातले दिवे बंद, आणि एकेका पायरीवर उजेड मोजत जायचं. हे काम बाहेर देता येत नाही. सुटे भाग मात्र अजूनही लॅमिंग्टन रोडवरूनच आणतो.

आता केबलची जागा फायबरने, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या तारेने, घेतली. आमचा बोर्ड एलईडी लुकलुकवतो, स्ट्रोब त्याची नक्कल करतो. एलईडीऐवजी कॅमेऱ्याच्या छोट्या फ्लॅशने इशारा द्यायचा तर त्याला चार्ज व्हायला वेळ लागायचा, तो थांबा गेला. मुख्य म्हणजे पिना नाहीत, ब्रशही नाही.

एक गोष्ट विकण्याआधीच सांगतो. काही मीटर खाली गेलात की लाल रंग संपतो, म्हणून स्ट्रोब हवाच, पण ऑटो, म्हणजे टीटीएल, प्रत्येक ठिकाणी नको. प्रवाळावरची बोटभर गोगलगाय टिपायची असेल तर टीटीएलला तोड नाही. वाइड अँगलमध्ये मागे मोकळं निळं पाणी असेल तर प्री-फ्लॅश परत येतच नाही. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो जोर लावतो आणि पुढचा मासा पांढराफटक. तिथे मॅन्युअलच बरं. हे ऐकून बोर्ड न घेता गेलेली गिऱ्हाइकंही आहेत, जाऊ देत.

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा आमच्याकडे हाउसिंगची रांग लागते. ऑक्टोबरला पाण्यात उतरायचं असेल तर सामान गणपतीच्या आधी पाठवा. आमचा गाळा लालबागला आहे, त्या दिवसांत कुरिअरवाला गल्लीत शिरूच शकत नाही.