मोगऱ्याची तहान

कृष्णाकाठच्या सांगलीत राहणाऱ्याला पाण्याचे फारसे अप्रूप नसते, आणि माझ्या परसातल्या मोगऱ्याचे नेमके तिथेच बिघडले. आईच्या झाडाची फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळ्या सुटल्या की तोडून आणायची, अशा दाबकलमाने आलेले ते झाड तीन वर्षांत कमरेइतके झाले. पाने इतकी तजेलदार की येणारा-जाणारा कौतुक करी. फुले मात्र देवापुरतीसुद्धा मिळत नसत. मग मी आणखी शेणखत घाली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी देई. आमची काळी माती ओल धरून ठेवते, हे ठाऊक असूनही हात आवरत नसे.

आटपाडीच्या मामांचे सारे आयुष्य डाळिंबाच्या बागेत गेलेले. एका डिसेंबरात ते आले, झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पोरी, लई लाडावलंयस ह्याला. बहर धरायचा तर ताण द्यायला लागतो."

पाणी तोडले. पंधरा दिवसांत पाने मलूल झाली, काही गळली, आणि मला चोरट्यासारखे वाटू लागले. एका संध्याकाळी तर तांब्या भरून परसात गेलेही होते. ते पाणी शेवटी तुळशीला घातले. जानेवारीच्या अखेरीस मामांनी फोनवरून सांगितले तशी छाटणी केली, बुंध्याभोवतीची माती हलवली, शेणखत मिसळले आणि मग कुठे पोटभर पाणी दिले. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, त्यामुळे जुन्या फांद्यांचा माझा लोभ व्यर्थच होता.

मार्चमध्ये फुटव्यांच्या टोकांवर कळ्यांचे झुबके दिसले. झाड बटमोगऱ्याचे, कळी गोल आणि टपोरी. मदनबाणाची असते तशी लांबट, टोकदार नव्हे. आता उन्हे कलली की मिटलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवते, आणि दिवेलागणीनंतर गजऱ्यातच त्या उमलतात. सासूबाईंना मात्र फडके उघडण्याआधीच वासाने कळते.

मामांना मोठ्या आनंदाने फोन केला, तर त्यांनी फुलांची चौकशीच केली नाही. "आता पाणी तोडू नकोस," एवढेच म्हणाले, "ह्या उन्हात कळी गळंल." तांब्या लगेच उचलला.