लुकाचं वजन

आमच्या घरात कुणाच्या वजनाबद्दल बोलायला बंदी आहे. अपवाद एकच होता, लुका डॉन्चिच. स्लोव्हेनियाचा हा पंचविशीतला पोरगा डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाकडून खेळायचा, आणि त्याच्या पोटाच्या घेराची चौकशी डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या हॉलमध्ये अगदी हक्कानं चालायची. चौकशी करणारा माझा नवरा स्वतः सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांचा आधार घेतो. पण चाहता व्हायला कुठे फिटनेसची अट असते!

जून २०२४ मध्ये मॅव्हरिक्स तेरा वर्षांनी एनबीए या अमेरिकी लीगच्या अंतिम फेरीत पोचले. समोर बॉस्टन सेल्टिक्स. सातपैकी चार जिंकेल त्याचा चषक. नेमके त्याच महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले होते, एक अख्खी बॅग भडंगाच्या पिशव्यांची भरून. बाबांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. पहिल्या सामन्याला ते जावयाला सोबत म्हणून बसले. तिसऱ्या सामन्याला चहा गार झालेला त्यांना कळला नाही.

लुकाचं त्या मालिकेत बिनसलं होतं, असं सगळेच म्हणत होते. आता बिनसणं म्हणजे काय, तर गडी सामन्याला तिसाच्या आसपास गुण करत होता. दुसऱ्या सामन्यात ३२ गुण, ११ रिबाउंड म्हणजे हुकलेल्या नेमांचे झेललेले चेंडू, आणि ११ असिस्ट म्हणजे दुसऱ्याला गुण मिळवून देणारे पास. एखाद्यानं एवढ्या शिदोरीवर आयुष्य काढलं असतं. पण आमच्या घरात चर्चा कशाची? फाउलबद्दल मिळालेल्या आठ फ्री थ्रोंपैकी चार हुकले त्याची, आणि आठ वेळा चेंडू घालवला त्याची. शेजारच्या पोराला ब्याण्णव टक्के पडले की आपण पेढे खाऊन येतो, आणि आपल्याला पडले की विचारतो, आठ कुठे सांडले?

त्यात त्यानंच आम्हाला लाडावून ठेवलेलं. त्या मोसमात सामन्यामागे सरासरी ३३.९ गुण, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. जानेवारीत अटलांटाविरुद्ध एका रात्रीत ७३. त्यामुळे तीस गुण आम्हाला उपासाच्या खिचडीसारखे वाटायला लागले होते.

बॉस्टनचा डाव माझ्या चौदा वर्षांच्या मुलानं आजोबांना समजावून सांगितला. लुकाला दोघातिघांनी घेरलं की तो कोपऱ्यातल्या मोकळ्या गड्याला चेंडू देतो, नाहीतर बास्केटजवळच्या उंच गड्यासाठी वर उडवतो, आणि सगळा संघ त्याच्या हातून जेवतो. म्हणून बॉस्टननं त्याला घेरायचंच सोडलं. एकानं अंगावर राहायचं, बाकीच्यांनी आपापला माणूस सोडायचा नाही. लुकाला काय करायचे ते गुण करू देत, पंगत बसू द्यायची नाही. आणि चेंडू आपल्याकडे आला की मुद्दाम लुकावरच चाल करून जायचं, त्याला पळवायचं, दमवायचं.

बाबा थोडा वेळ भडंग चावत राहिले. "म्हणजे घरात एकटा मिळवता, आणि चोर पण त्याच्याच खोलीत शिरतोय," ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी तज्ज्ञांची विश्लेषणं मी ऐकली, याहून नेमकं कुणी बोललं नाही.

तिसरा सामना डॅलसमध्ये, १२ जूनला. चौथ्या डावात आम्ही एकवीस गुणांनी मागे. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला होता, त्याची दुखवट्याची पद्धत ती. आणि मग पोरांनी जी मुसंडी मारली! बघता बघता ९३-९०, आता तीनच गुणांनी मागे. आवाज परत सुरू झाला, आई स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन बाहेर आली. चार मिनिटं बारा सेकंद उरलेली. जेलन ब्राउन चेंडू घेऊन सुसाट आला, लुका आडवा गेला आणि खाली बसला. शिट्टी. सहावा फाउल. प्रशिक्षकानं दाद मागितली, रेफरींनी पुन्हा पाहिलं, निकाल तोच.

"म्हणजे आता?" बाबांनी विचारलं.

"बाद, आजोबा."

"मग परत जिवंत कधी होणार?"

सांगलीचा माणूस कबड्डीच्याच हिशेबानं विचारणार. इथे बाद झालेला गडी त्या सामन्यात परत जिवंत होत नाही, हे ऐकल्यावर बाबा एवढे खचले की त्यांनी भडंगाची वाटी खाली ठेवली. त्या सहांपैकी चार फाउल चौथ्या डावातले. सामना १०६-९९ असा गेला आणि सेल्टिक्स तीन-शून्यनं पुढे.

त्या रात्री आमच्याकडे जी जुंपली, तशी ती डॅलसच्या घराघरांत जुंपली असणार. नवऱ्याचं वजनाचं पालुपद सुरूच होतं. पळून परत यायला दम लागतो, मग हात घालतो, मग फाउल. मुलगा चिडून दुखापतींची यादी वाचायला लागला: छातीला मार, उजवा गुडघा लचकलेला, डावा घोटा दुखरा, सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन. बाबांचं दुखणं वेगळंच. "पंचांशी भांडतो किती तो! प्रत्येक शिट्टीला हात वर. तेवढ्या वेळात मागं पळाला असता की." टीव्हीवरच्या एका पत्रकारानंही नेमकं तेच सुनावलं, म्हणाला की संघानं यावरून त्याच्या विनवण्या करून झाल्यात. तेव्हा बाबांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू त्या माणसाला त्यांनीच पढवून ठेवलंय.

एवढ्यात समोरचे आजोबा आले. निवृत्त शिक्षक, जन्म टेक्ससचा. संघ १९८०मध्ये जन्मला तेव्हापासूनचे पाईक, अख्ख्या मोसमात अकरा सामने जिंकल्याचं वर्षही टीव्ही न फोडता पार पाडलेले. त्यांनी आम्हाला संघाच्या जुन्या हिरोचं, डर्क नोवित्स्कीचं २००७ सांगितलं. त्या मोसमात मॅव्हरिक्सनं ६७ सामने जिंकले, डर्क लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या, ओकलंडच्या गोल्डन स्टेटनं त्यांना घरी पाठवलं. शेवटच्या सामन्यात डर्कचे तेरा नेमांपैकी दोन लागले, गुण आठ. रागानं त्यानं कचऱ्याचा डबा भिंतीवर भिरकावला. भिंतीला भोक पडलं. ओकलंडवाल्यांनी ते बुजवलं नाही, आवरण लावून जपलं, आणि पुढे डर्कनं तिथे सहीही करून दिली! "अख्खं गाव म्हणत होतं, हा मऊ आहे, याला विका," आजोबा म्हणाले. "चार वर्षांनी चषक आणला. १२ जूनलाच. आज त्याचा पुतळा उभा आहे."

मी हे मराठीत करून बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आमचा सचिन पण." मार्च २००६, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी, सचिन एक धाव करून बाद, आणि मुंबईच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. "स्वतःच्या गावात! मी कधी ब्र काढला नाही."

"टीव्हीवर चप्पल कुणी फेकली होती मग?" आईनं पोळ्या करता करताच विचारलं.

चौथा सामना आम्ही १२२-८४ असा जिंकला. पाचवा हरलो, मालिका संपली. जुलैत आई-बाबा परत गेले. लुकाची उलटतपासणी मात्र हिवाळ्यापर्यंत चालली, कधी वजन, कधी रेफरी, कधी बचाव. खरं सांगायचं तर आम्ही मजेत होतो.

मग १ फेब्रुवारी २०२५ची शनिवार रात्र. अकरा वाजून गेले होते. मुलगा जिन्यावरून धडधडत खाली आला. लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवलं, बदल्यात त्यांचा अँथनी डेव्हिस. आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, अरे, बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं हॅक झालं असेल. तसं वाटणारे आम्ही एकटेच नव्हतो. पण बातमी खरी होती. दुसऱ्या दिवशी लोक स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्याजवळ जमले, कुणी चक्क शवपेटी घेऊन आलं.

संघाच्या कारभाऱ्यांचं म्हणणं होतं की बचावावर चषक जिंकले जातात. त्याच्या शरीराबद्दल, तंदुरुस्तीबद्दल संघात नाराजी होती, असंही बातम्यांत येत राहिलं. नवरा ते वाचत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "हे तर मी म्हणत होतो."

त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. एखादी आई पोराला रागानं म्हणते, जा, तोंड नको दाखवूस. पोर दारामागे जाऊन उभं राहतं, पाच मिनिटांनी जेवायला येतं, हे दोघांनाही माहीत असतं. इथे कुणीतरी ते खरं धरून पोराची ट्रंकच गाडीत टाकली होती. आम्ही महिनोन्‌महिने त्याला टाकून बोललो होतो, ते तो आपल्याकडेच राहणार या भरवशावर.

एप्रिलमध्ये तो लेकर्सच्या कपड्यांत डॅलसला आला. संघानं त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत दाखवली आणि तो बाकावर बसून रडला. प्रत्येक खुर्चीवर एक टीशर्ट ठेवला होता, त्यावर स्लोव्हेनियन भाषेत लिहिलेलं, सगळ्यासाठी आभार. मग त्यानं डोळे पुसले आणि आमच्यावर ४५ गुण केले. त्या रात्री आमच्या घरात त्याच्या बचावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. समोरचे आजोबा सामना संपायच्या आधी उठले, दाराशी थांबले, काही न बोलता गेले. ज्यानं हा सौदा केला त्या कारभाऱ्याला नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. तोवर आमचा संताप शिळा होऊन गेला होता.

त्याआधी, उन्हाळ्यात, लुकाचे नवे फोटो आले होते. गालफडं आत गेलेली, पोट सपाट, दंड घडवल्यासारखे. मुलानं ते आजोबांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा बाबांनी इकडचं-तिकडचं काही विचारलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला.

"वाळलाय की गं पोरगं," ते म्हणाले. "तिथं खायला घालत न्हाईत काय त्याला?"